एअर-कूल्ड पोर्शे ९११चा एक्झॉस्ट बदलताना: आधी काय, मग काय

जर्मनीतल्या श्टुटगार्टजवळच्या एका वर्कशॉपमध्ये लिफ्ट आणि हत्यारं तासाच्या भाड्याने मिळतात. शनिवारी मी तिथे जुन्या ९११वर काम करतो. आपले बरेच मराठी अभियंते या भागात नोकरीला आहेत. त्यांतल्या काहींनी हौसेने अशा गाड्या घेतल्या आहेत, आणि एक्झॉस्ट बदलताना जवळजवळ सगळे त्याच तीन ठिकाणी अडकतात. गंजलेले स्टड, म्हणजे सिलिंडर हेडमधून बाहेर आलेले, नट बसवायचे बिनडोक्याचे बोल्ट, घाईने तोडतात. ऑइलच्या नळ्यांचा विचार गाडी उघडल्यावर करतात. आणि नवे भाग बसवताना चुकीच्या टोकापासून आवळायला लागतात.

हे काम खरं तर सोडवण्याचं आहे, बसवण्याचं नाही. जुना एक्झॉस्ट एकही स्टड न तुटता खाली आला, तर नवा बसवायला अर्धा दिवस पुरतो. म्हणून या लेखात सोडवण्यालाच जास्त जागा दिली आहे.

इथे गाडी धरली आहे ९११ एससी (१९७८ ते १९८३, ३.० लिटर) आणि कॅरेरा ३.२ (१९८४ ते १९८९). त्याआधीच्या गाड्यांसाठी क्रम तोच, पण एक धोका वेगळा आहे, तो टप्पा ४ मध्ये येईल.

टप्पा १: नेमकं काय बदलायचं ते ठरवा

या गाड्यांत डाव्या बाजूच्या तीन सिलिंडरचा धूर आडव्या नळीने उजवीकडे आणतात, तिथे तो उजव्या तिघांच्या धुरात मिसळतो, आणि मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा लहान सायलेन्सरमधून मागच्या मोठ्या सायलेन्सरमध्ये जातो. वाट लांब आणि वळणावळणाची. १९७४पर्यंतच्या ९११मध्ये तसं नव्हतं. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन नळ्या आपापल्या जागी एकत्र येत आणि दोन तोंडांच्या सायलेन्सरमध्ये सरळ शिरत. आज लोक जी सुधारणा करतात ती बहुतेक वेळा हीच जुनी रचना नव्या गाडीवर आणण्याची असते.

पर्याय तीन आहेत.

फक्त मागचा सायलेन्सर बदलणं: स्वस्त, एका दुपारचं काम. आवाज बदलतो, गाडीच्या ओढीत फारसा फरक पडत नाही. आवाजच हवा असेल तर इथेच थांबा, हेडच्या नटांना हातही लावू नका.

जुन्या धाटणीचे स्टेनलेस हीट एक्सचेंजर (एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीचं कवच, ज्यातून तापलेली हवा केबिनमध्ये जाते), उदाहरणार्थ एसएसआय कंपनीचे, आणि दोन तोंडांचा सायलेन्सर: खरी सुधारणा ही. इंजिन मोकळं श्वास घेतं, वजन कमी होतं आणि हीटरही चालू राहतो. पुढचे सगळे टप्पे याच पर्यायासाठी आहेत.

हीट एक्सचेंजर काढून नुसते हेडर (कवच नसलेल्या एक्झॉस्ट नळ्या) लावणं: रस्त्यावरच्या गाडीला हे करू नका. ९११चा हीटर एक्झॉस्टच्याच उष्णतेवर चालतो. हेडर लावले की केबिनची ऊब तर जातेच, समोरच्या काचेवरचं धुकंही हटत नाही. जर्मनीत बंद केबिनला पुरेसा हीटर हवा असा नियमच आहे, पण नियम बाजूला ठेवला तरी नोव्हेंबरच्या सकाळी धुरकट काचेतून गाडी चालवणं जिवावरचं आहे.

कागद आधी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीतून तो काढून रस्त्यावर चालवणं अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यापुढच्या मॉडेलला धूरतपासणी लागते, म्हणजे या दोन्ही गाड्या तीत येतात. जर्मनीत बदललेला एक्झॉस्ट एक तर मंजुरीच्या कागदासह यायला हवा, नाही तर तपासनिसाकडून गाडीच्या कागदात नोंदवून घ्यावा लागतो. गाडीला तीस वर्षांवरच्या जुन्या गाड्यांची एच-नंबरप्लेट असेल तर बदल त्या काळाला शोभणारा आहे ना, हेही पाहतात. भाग मागवण्याआधी तपासनिसाला भेटा आणि कोणता भाग लावणार ते दाखवा. नोंदणीच्या कागदावर यू.१ आणि यू.२ या रकान्यांत उभ्या गाडीच्या आवाजाची पातळी आणि ती किती आरपीएमला मोजली ते लिहिलेलं असतं. त्या आकड्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, शेवटी लागेल.

टप्पा २: सामान मांडा

गाडी उघडण्याआधी हे सगळं टेबलावर हवं. रविवारी इथे दुकानं बंद असतात आणि लिफ्टचं भाडं तासातासाने चढतं.

- दोन्ही हीट एक्सचेंजर, सायलेन्सर, त्याचे पट्टे आणि जोडाच्या गॅस्केट
- हेडकडच्या सहा नव्या गॅस्केट, आणि दोन जास्तीच्या
- एम८चे (८ मिमीच्या आट्यांचे) नवे स्टड, बाराच्या बारा, आणि तांब्याचा मुलामा दिलेले नवे नट
- जुन्या रचनेला जुळणाऱ्या उजव्या बाजूच्या ऑइलच्या नळ्या
- गरम हवेचे नवे होज आणि क्लॅम्प
- ऑइल रिटर्न ट्यूब चार, आखूड-लांब होणाऱ्या प्रकारातल्या
- खालच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केट, ऑइल, फिल्टर

ऑइलच्या नळ्यांवर एक क्षण थांबा, कारण सर्वांत जास्त माणसं इथे फसतात. एससी आणि ३.२मध्ये उजव्या बाजूच्या ऑइलच्या नळ्या ज्या वाटेने जातात, तिथेच जुन्या धाटणीचा हीट एक्सचेंजर येतो. नळ्या बदलल्याशिवाय तो बसतच नाही. एकदा एक मित्र गाडी लिफ्टवर चढवून, जुना एक्झॉस्ट खाली काढून बसला आणि मग हे त्याच्या लक्षात आलं. नळ्या यायला दहा दिवस लागले, तोवर गाडी तशीच टांगलेली. भाग मागवताना गाडीचं साल आणि इंजिनाचा क्रमांक देऊन विचारा: 'या एक्सचेंजरसोबत कोणत्या ऑइलच्या नळ्या लागतील, आणि हीटरच्या हवेचं तोंड माझ्या गाडीला जुळतं का?'

हत्यारांत ८ मिमीची लांब ॲलन बिट हवीच. हेडचे काही नट नळकांड्यासारखे असतात आणि हीट एक्सचेंजरमधल्या भोकातून बिट आत घालूनच ते सुटतात. स्वस्त बिट गोल होते आणि नटाची आतली कडाही खाते. शिवाय खोल सॉकेट, लवचीक जोड, टॉर्क रेंच, लहान आरसा, टॉर्च, तारेचा ब्रश, एम८ × १.२५चे आटे साफ करायचा टॅप, आणि मोठ्या ऑइल नळ्यांसाठी ३६ मिमीचा पान्हा. ड्राय संप असल्याने, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत साठवत असल्याने, ऑइल खूप असतं. पूर्ण ऑइल काढलं की दहा लिटरच्या आसपास येतं, म्हणून टब निदान पंधरा लिटरचा घ्या.

टप्पा ३: आठवडाभर आधीची तयारी

शनिवारी काम असेल तर सोमवारपासून रोज संध्याकाळी थंड इंजिनावर प्रत्येक नटाच्या आट्यांना गंज सोडवणारं तेल लावा. मधे दोन-तीनदा गाडी चालवून पूर्ण गरम करा आणि थंड होऊ द्या. धातू फुगतो, आकसतो, आणि तेल आत मुरतं. एकाच दिवशी अर्धी बाटली ओतण्यापेक्षा पाच दिवस थेंब थेंब घालणं कितीतरी बरं. या देशात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे नटांचं डोकं बऱ्याचदा इतकं गंजलेलं असतं की सॉकेट धरतच नाही. तारेच्या ब्रशने डोकी आताच स्वच्छ करा.

> तपासा: आरशात पाहून सगळे बारा नट सापडले का? कोणत्या नटाला कोणतं हत्यार पोचतं ते कागदावर लिहा. सिलिंडर १, २, ३ डावीकडे आणि ४, ५, ६ उजवीकडे, दोन्हीकडे मोजणी गाडीच्या मागून पुढे. ३ आणि ६ गिअरबॉक्सच्या बाजूला असतात, हात तिथेच सर्वांत अडतो.

टप्पा ४: सोडवणं

इंजिन थंड, बॅटरी सुटी, गाडी लिफ्टवर. लिफ्ट नसेल तर चारही बाजूंना भक्कम स्टँड हवेत. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, आणि इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या पत्र्याखाली जॅक लावू नका.

१. ऑइल काढा, टाकीतूनही आणि इंजिनातूनही.

२. मागचा सायलेन्सर सोडवा. आधी जोडाचे बोल्ट, मग पट्टे. पट्टे आधी काढले तर सगळा भार जोडावर येतो.

३. गरम हवेचे होज आणि हीटरच्या झडपांच्या केबल सोडवा. केबल क्लॅम्पमध्ये जिथे होती तिथे मार्करने खूण करा, म्हणजे झडप परत जुळवताना अंदाज लावत बसावं लागत नाही.

४. ऑइलच्या नळ्या. उजव्या मागच्या चाकाच्या कमानीतल्या थर्मोस्टॅटवर पोलादी नट अॅल्युमिनियमच्या आट्यांवर बसतो आणि अनेकदा धरून राहतो. दोन पान्हे वापरा, एक थर्मोस्टॅट धरायला आणि दुसरा नट फिरवायला. तरीही हलत नसेल तर जोर वाढवू नका. नळी तशीही बदलायचीच आहे. नट लांबीच्या दिशेने करवतीने कापा, पण आट्यांच्या अलीकडेच थांबा, आणि छिन्नीने उघडा. थर्मोस्टॅटचे आटे वाचले तर भरपूर पैसे वाचतात.

५. आता हेडचे नट.

इथे घाई नको. बिट पूर्ण आत बसली का ते पाहा आणि हळू, सलग जोर लावा. नट थोडा सुटला, मग अडला, तर तेल घाला, पुन्हा थोडा आवळा, पुन्हा सोडवा. असं पुढेमागे करत बाहेर आणा. मोठी पाइप लावून एका दमात ओढला तर नट सुटायच्या आत स्टड तुटतो. मी पहिल्या गाडीवर असे दोन तोडले, आणि ते काढायला लागलेला वेळ बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त होता.

न सुटणाऱ्या नटाला उष्णता द्या. ऑक्सि-ॲसिटिलीनच्या बारीक ज्योतीने, किंवा इंडक्शन हीटरने, फक्त नट लालसर होईपर्यंत. साधा गॅसचा बर्नर बहुतेक वेळा कमी पडतो. हेडचं अॅल्युमिनियम उष्णता लगेच ओढून घेतं, म्हणून ज्योत नटावरच ठेवा.

> सावधान: १९६८ ते १९७७च्या बहुतेक ९११च्या इंजिनाचं केसिंग मॅग्नेशियमचं असतं. मॅग्नेशियम पेटलं की पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. त्या गाड्यांवर उघडी ज्योत वापरू नका. एससीपासून केसिंग अॅल्युमिनियमचं आहे. तरीही वर पेट्रोलच्या नळ्या आणि खाली तेलाचे थेंब असतात. अग्निशामक हाताशी हवा आणि सोबत दुसरा माणूस हवा.

६. दोन्ही एक्सचेंजर सुटले की एकट्याने ओढू नका. शेवटचा नट काढताना खालून कुणीतरी धरा. भार एका स्टडवर लटकला तर तो वाकतो.

टप्पा ५: तुटलेले स्टड

नट निघाला तरी जुने स्टड बदला, बाराच्या बारा. चाळीस वर्षं तापलेले स्टड नव्या नटांखाली तुटले तर पुन्हा सगळं उघडावं लागेल.

तुटक्या स्टडचा तुकडा हेडबाहेर राहिला असेल तर उत्तम उपाय वेल्डिंगचा. मला तो भोसरीच्या एका वर्कशॉपमधल्या फिटरकाकांनी शिकवला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी, आणि जर्मनीत आल्यावरही मी तोच वापरतो. तुकड्यावर थोडा मोठा नट ठेवा आणि नटाच्या भोकातून आत वेल्ड करून दोन्ही एक करा. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टड फुगतो, थंड होताना आकसतो आणि गंजाचं पकडलेलं सुटतं. काका म्हणायचे, 'लाल असताना हात लावू नको, काळा झाला की फिरव.' पहिला वेल्ड सुटला तर दुसरा करा, तिसरा करा. प्रत्येक वेळेस स्टड थोडा सैल होत जातो. वेल्डिंगआधी बॅटरी सुटी आहे ना पाहा, आणि ३.२मध्ये इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्लगही काढा.

तुकडा हेडच्या पातळीला तुटला असेल तर ड्रिलिंगशिवाय इलाज नाही, आणि हाताने सरळ ड्रिल कुणाच्याही हातून होत नाही. ड्रिलला दिशा देणारा जिग वापरा, मधोमध पंच मारा, बारीक बिटपासून सुरुवात करा. ड्रिल एकदा अॅल्युमिनियममध्ये घसरलं की आटे गेले. मग आट्यांची पोलादी बाही बसवावी लागते. हे पहिल्यांदाच करत असाल तर अनुभवी माणसाला बोलवा, त्याचे पैसे वाया जात नाहीत.

नवे स्टड घालण्याआधी हेडचे आटे टॅपने साफ करा, हवेने फुंका. स्टड हलक्या हाताने तळाला टेकेपर्यंत घाला, तो आवळायचा नसतो. सगळ्यांची बाहेर राहिलेली लांबी मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त बाहेर असेल तर आत कचरा आहे.

टप्पा ६: वाट मोकळी आहे तोवर

एक्सचेंजर काढल्यावर इंजिनाची खालची बाजू जशी उघडी होते तशी पुन्हा लवकर होणार नाही. दोन कामं आताच करा.

पहिलं, ऑइल रिटर्न ट्यूब. कॅमकडून केसिंगकडे ऑइल आणणाऱ्या चार नळ्या नेमक्या हीट एक्सचेंजरच्या वर असतात. त्यांच्या ओ-रिंग कडक होऊन गळतात, आणि ते ऑइल तापलेल्या एक्सचेंजरवर पडून केबिनमध्ये जळका वास येतो. मूळ नळ्या कापून काढता येतात आणि आखूड-लांब होणाऱ्या नव्या नळ्या हेड न उघडता बसतात. ओ-रिंगना ऑइल लावून बसवा.

दुसरं, व्हॉल्व्हचं अंतर. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह खालच्या कव्हरमागे असतात आणि एक्झॉस्ट नसताना हात सहज पोचतो. इंजिन पूर्ण थंड असताना इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही ०.१० मिमी. पुलीवरच्या खुणा १२० अंशांवर आहेत. सिलिंडर १ पासून सुरू करा आणि दर १२० अंशांना १-६-२-४-३-५ या क्रमाने पुढे जा. वीस मिनिटांत संपवायची ही गोष्ट नाही. प्रत्येक व्हॉल्व्ह आवळल्यावर पुन्हा मोजा.

टप्पा ७: नवं बसवणं, आतून बाहेर

अवघड भाग मागे पडला, पण क्रम चुकला तर जोड ताणाखाली राहतो आणि काही महिन्यांत फ्लँजजवळ तडा जातो.

१. नव्या ऑइल नळ्या आधी, कारण एक्सचेंजर बसल्यावर पान्हा शिरत नाही.

२. हेडचे तोंड स्वच्छ पुसा. प्रत्येक तोंडाला एकच गॅस्केट. दोन एकावर एक नाही, आणि कोणतंही सीलंट नाही.

३. दोन्ही एक्सचेंजर वर धरून सगळे नट फक्त बोटांनी फिरवा. आट्यांना उष्णता सोसणारी अँटी-सीझ पेस्ट (नट पुढे जाम होऊ नयेत म्हणून) अगदी थोडी लावा.

४. सायलेन्सर तसाच सैल जोडा, पट्टे सैल लावा.

५. आता उभे राहून मागून पाहा. टेलपाइप सरळ आहे का, बंपरच्या कडेपासून निदान दीड-दोन सेंटिमीटर लांब आहे का? इंजिन माउंटवर हलतं, त्यामुळे अंतर कमी पडलं तर बंपर जळतो. सायलेन्सर ढकलून, वळवून कुठेही ताण न येता बसवा.

६. मगच आवळा. आधी हेडचे नट, मधल्या सिलिंडरपासून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत. या एम८ नटांना २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात. ॲलन बिटला टॉर्क रेंच लागत नसेल तिथे लहान दांडाच वापरा. लांब दांड्याने हाताला अंदाज राहत नाही. मग सायलेन्सरचे जोड. पट्टे सर्वांत शेवटी.

> तपासा: पट्टे आवळताना सायलेन्सर हलला का? हलला असेल तर कुठेतरी ताण अडकला आहे. जोड सैल करून पायरी ५ पासून पुन्हा. हे टाळावंसं वाटतं, पण टाळू नका.

७. गरम हवेचे होज, झडपा आणि केबल खुणेप्रमाणे. केबिनमधला दांडा पूर्ण बंद केल्यावर झडप खरोखर बंद होते का ते खाली हात लावून पाहा.

८. स्टेनलेसवरचे हातांचे ठसे स्पिरिटने पुसा. पहिल्या तापण्यात ते कायमचे उमटतात.

टप्पा ८: पहिलं स्टार्ट

गळती थंड असतानाच शोधा. व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू टेलपाइपला फडक्याने धरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसले की तो जोड पुन्हा.

ऑइल भरा, पण सगळं एकदम ओतू नका. या इंजिनाचं ऑइल सपाट जागेवर, गरम इंजिन आयडलला चालू असतानाच मोजतात. थंड, बंद इंजिनावर डिपस्टिक कोरडी दिसली म्हणून भरत राहिलात तर ऑइल एअर फिल्टरपर्यंत पोचतं.

पहिल्या वीस मिनिटांत नव्या धातूवरचं तेल जळून धूर येतो. गाडी उघड्यावर काढा, खिडक्या उघड्या ठेवा. धूर थांबल्यावर हीटर पूर्ण उघडून केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा घरगुती अलार्म ठेवा आणि बाहेर उभे राहून दहा मिनिटं थांबा. हीटरची हवा एक्झॉस्टच्या नळीभोवतून येते. जोड गळत असेल तर तो वायू थेट तुमच्या नाकाशी येतो, आणि त्याला वास नसतो. ही तपासणी कधीही चुकवू नका, वापरलेले एक्सचेंजर घेतले असतील तर मुळीच नाही.

यानंतर आयडलला धुरातलं सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मोजून घ्या. एससीमधल्या के-जेट्रॉनिकचं, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनचं, मिश्रण ३ मिमीच्या ॲलन कीने जुळवतात, अगदी बारीक फिरवून, आणि प्रत्येक वेळेस की बाहेर काढूनच ॲक्सिलरेटर द्यायचा. गॅस अॅनालायझर नसेल तर हा स्क्रू हलवू नका.

दुसऱ्या दिवशी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, सगळे नट पुन्हा टॉर्कला तपासा. गॅस्केट पहिल्या तापण्यात थोडी दबते. पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. मग यू.१ आणि यू.२चा तो फोटो काढा, आवाज मोजून घ्या आणि गाडी तपासनिसाकडे न्या.

जुने हीट एक्सचेंजर भंगारात टाकू नका. टोकं बंद करून, तेल पुसून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना किंवा नियम बदलल्यावर त्यांचाच शोध सुरू होतो.